पांढरा झालेला पिवळा गुलाब

चार वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या नव्या घराच्या अंगणासाठी मी दिलेल्या पिवळ्या गुलाबाला प्रथमच भरभरून फुले आली होती, मात्र ती पिवळी नव्हती. "अगं, तू दिलेला गुलाब पांढरा झालाय, आणि फुलं किती बारीक, घोसाघोसानं आली आहेत," असे ती सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार मुळीच नव्हती, उलट कौतुकच होते. कारण दोन वर्षे जेमतेम तग धरून राहिलेले झाड त्या वर्षी अचानक पुरुषभर उंच वाढले होते आणि आपल्या मेहनतीला यश आले असे तिला वाटत होते. मी मात्र ते ऐकताच मनातून चरकले आणि त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले.

बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला केली तेव्हा सारा प्रकार डोळ्यांसमोर आला. जमिनीलगत कलमाची फुगीर गाठ होती, गाठीच्या वर काळी पडलेली एक वाळकी काडी होती, आणि गाठीच्या खालून, थेट मुळाकडच्या भागातून, चार जोमदार हिरव्या फांद्या वर गेल्या होत्या. पिवळा गुलाब केव्हाच मेला होता. ती ज्याला रोज पाणी घालत होती, खत देत होती, तो ज्या खुंटावर पिवळ्या गुलाबाचे कलम बांधले होते तो जंगली गुलाब होता.

रोपवाटिकेतून विकत आणलेले बहुतेक गुलाब हे प्रत्यक्षात दोन झाडांचे मिळून एक झालेले असतात. जमिनीखाली काटक मुळांचा खुंट असतो; त्यासाठी कुठे रोझा मल्टिफ्लोरा, कुठे रोझा कॅनिना हे जंगली गुलाब वापरतात, तर कुठे डॉ. ह्यूई नावाचा गडद लाल फुलांचा गुलाब. या खुंटाच्या सालीला टी अक्षरासारखी चीर देऊन तिच्यात हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे जिथून फूट निघते तो फांदीवरचा उंचवटा, सरकवतात, पट्टीने घट्ट बांधतात, आणि डोळा फुटून वाढीला लागला की त्याच्या वरचा खुंट छाटून टाकतात. डोळे भरण्याची ही पद्धत व्यवसायासाठी सोयीची आहे, कारण एका काडीवर जितके डोळे तितकी झाडे तयार होतात आणि तयार मुळांवर वाढल्यामुळे रोप लवकर विक्रीयोग्य होते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. कित्येक नाजूक जाती या पद्धतीशिवाय आपल्यापर्यंत पोचल्याच नसत्या. पण खुंट हा जिवंत असतो, त्याला स्वतःचे डोळे असतात, आणि वरचे कलम अशक्त झाले की तो आपली फूट वर पाठवतो. ती फूट वेळीच काढली नाही तर मुळांनी शोषलेले बरेचसे अन्नपाणी तिकडेच जाते आणि कलम उपाशी मरते. गुलाबाने रंग बदलला असे अनेकजण सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

खुंटाची फूट ओळखायची कशी, याचे एक सोपे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळते: पाच पर्णिकांचे, म्हणजे एका देठावर पाच छोट्या पानांचे, पान असेल तर चांगला गुलाब, सात पर्णिकांचे असेल तर जंगली. हे उत्तर विश्वासार्ह नाही. अनेक उत्तम जुन्या जातींना सात पर्णिका असतात, वेलगुलाबांना तर सर्रास असतात, आणि या समजुतीपायी कित्येक चांगल्या फांद्या विनाकारण छाटल्या जातात. खात्रीचा मार्ग एकच आहे: माती उकरून ती फांदी गाठीच्या वरून निघाली आहे की खालून, हे डोळ्यांनी पाहावे. खालून निघाली असेल तर कात्रीने न कापता हातमोजा घालून ती खाली ओढून मुळापासून उपसून काढावी. कापलेल्या फुटीच्या तळाशी डोळे शिल्लक राहतात आणि एकीच्या जागी तीन फुटी येतात. उपसताना ते डोळेही निघून जातात.

हे सारे मला रोप देताना माहीत होते, पण मैत्रिणीला सांगायचे मला सुचले नाही. रोप दिले, फोटो काढले, आणि घरी आले. आपण दिलेल्या रोपासोबत घेणाऱ्याच्या माथी एक अदृश्य जोखीम मारली आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही, याची खंत मला अजूनही वाटते. त्या दिवसापासून मी एक नियम केला: दुसऱ्याला गुलाब द्यायचा तो स्वतःच्या मुळांवर वाढलेलाच द्यायचा. असे झाड थंडीने, दुष्काळाने, किंवा एखाद्या अजाण छाटणीने जमिनीपर्यंत गेले तरी मुळातून जे फुटेल ते तेच असेल. जर्मनीतील हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर शतकानुशतके वाढलेला रानगुलाब १९४५ मधील बॉम्बवर्षावात इमारतीसह जळून गेला, आणि त्याच वर्षी ढिगाऱ्याखालच्या मुळांतून पुन्हा फुटला. तो कलमी असता तर राखेतून दुसराच कुणीतरी वर आला असता.

माझ्या अंगणातला गुलाबी गुलाब असा स्वतःच्या मुळांवरचा आहे. तो मावशीकडून एका काडीच्या रूपाने आला, तिला तो तिच्या सासूबाईंकडून मिळाला होता, आणि त्याचे नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. फुले मध्यम आकाराची, थोडी विस्कटलेली, पण सुगंध असा की सकाळी दार उघडले की तोच आधी भेटतो. प्रदर्शनात त्याला कुणी उभे करणार नाही. तरीही गेल्या चार वर्षांत मी त्याची एकवीस रोपे वाटली आहेत, आणि ती तयार करताना ज्या चुका केल्या त्यांतूनच आज जे सांगते आहे ते शिकले आहे.

काडी निवडण्यात अर्धे यश असते. अगदी कोवळी, तांबूस फूट कुजते आणि जुने, करडे लाकूड मुळे धरायला फार वेळ लावते. मधली, नुकतेच फूल येऊन गेलेली फांदी हवी, साधारण पेन्सिलीइतकी जाड. ती पक्व झाली आहे की नाही हे पाहण्याची माझी आवडती खूण म्हणजे काटा. अंगठ्याने काटा आडवा दाबला आणि तो कट्कन सुटून खाली ओलसर हिरवा ठसा राहिला तर काडी तयार आहे. काटा वाकला तर कोवळी आहे. (गुलाबाचे काटे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे काटे नसून सालीवरच्या वाढी आहेत, म्हणूनच ते इतके स्वच्छ सुटतात, लिंबाचा काटा असा कधीच निघणार नाही.) तीन-चार डोळ्यांची, पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीची काडी धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका ठेवला की पाणी साचत नाही, शिवाय काडीचे वर-खाली नंतर चुकत नाही. उलटी खोचलेली काडी रुजत नाही, आणि घाईत दहा काड्या लावताना ही चूक वाटते त्यापेक्षा सहज होते.

वरचे एखादे पान ठेवून बाकीची पाने काढते, आणि ठेवलेल्या पानाच्याही शेंड्याकडच्या पर्णिका कापते. पूर्ण पानांतून फार पाणी उडून जाते, पण एकही पान न ठेवणे हेही बरे नाही, कारण कोवळ्या डोळ्यांत आणि पानांत तयार होणारी संप्रेरके खाली उतरून कापाजवळ साठतात आणि तीच मुळांना जन्म देतात. बाजारात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल. ती याच संप्रेरकांच्या कुळातली आहे आणि तिचा उपयोग होतो. मध, दालचिनी, बटाट्यात खोचलेली काडी अशा उपायांपैकी बटाट्याबद्दल मी ठामपणे सांगेन की तो करू नये. मातीत बटाटा कुजतो आणि काडीही सोबत नेतो.

लावण्यासाठी जाड वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे घेते. यात शेणखत किंवा गांडूळखत अजिबात घालत नाही. मुळेच नसलेल्या काडीला खताचा काही उपयोग नसतो, आणि ओल्या सेंद्रिय खतातली बुरशी उघड्या कापाला सर्वांत आधी गाठते. दोन डोळे मिश्रणात आणि दोन वर, अशी काडी पुरून, भोवती बोटाने दाबून, एकदा पाणी देते आणि वरून पारदर्शक बाटलीचा कापलेला भाग पालथा घालते. आत बारीक दव दिसत राहिले पाहिजे. जागा भरपूर उजेडाची हवी, पण तिथे थेट ऊन नको. बाटलीखाली ऊन साठले की दुपारच्या दोन तासांत काडी शिजते.

आणि मग थांबायचे. मुळे यायला चार ते आठ आठवडे लागतात आणि या काळातच मी सर्वांत जास्त काड्या गमावल्या. पहिल्या खेपेला बारा काड्या लावल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात नऊ काड्यांना लालसर कोवळी पाने फुटली आणि मी आनंदाने त्या सगळ्या बाहेर उन्हात नेऊन ठेवल्या. आठवडाभरात सहा माना टाकून गेल्या. उपटून पाहिले तर खालच्या टोकाला फक्त पांढुरकी गाठ होती, मूळ एकही नव्हते. काडीत साठलेल्या अन्नावर पाने फुटू शकतात. पाने आली म्हणजे मुळे आली असे समजू नये. दर दोन दिवसांनी काडी हळूच ओढून पाहण्याची सवय तर त्याहून वाईट, कारण नुकत्याच निघालेल्या मुळ्या केसासारख्या असतात आणि त्या ओढीने तुटतात. आता मी पारदर्शक पेल्यांत काड्या लावते आणि पेल्याला बाहेरून काळा कागद गुंडाळते. कागद काढला की पांढऱ्या मुळ्या पेल्याच्या कडेला दिसतात, आणि त्या दिसेपर्यंत काडीला हात लावत नाही. अलीकडे बारापैकी सात-आठ काड्या सहज लागतात.

सगळे गुलाब अशा रीतीने लागत नाहीत हेही सांगायला हवे. जुने चायना आणि बर्बन प्रकार, लहान फुलांचे घोसाचे गुलाब, मिनिएचर आणि बहुतेक वेलगुलाब यांच्या काड्या सहज रुजतात. मोठ्या फुलांचे संकरित टी गुलाब कमी लागतात, लागले तरी कित्येकदा आपल्या मुळांवर अशक्त राहतात, आणि त्यांतही पिवळे सर्वांत अवघड. म्हणूनच मैत्रिणीला दिलेला पिवळा गुलाब कलमी होता.

बियांचा मार्ग इथे उपयोगाचा नाही. बागेतल्या गुलाबाच्या फळातून निघालेले बी पेरले तर येणारे रोप आईसारखे असत नाही. काडीतून आलेले रोप मात्र तेच झाड असते. १९३५ मध्ये फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी केलेल्या एका संकरातून एक रोप निवडले गेले. दुसरे महायुद्ध भडकण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेत पाठवल्या गेल्या. युद्धाने संपर्क तुटला, आणि प्रत्येक देशात ते झाड वेगवेगळ्या नावाने वाढले: फ्रान्समध्ये मेयाँच्या आईच्या स्मरणार्थ 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया दाय', इटलीत 'जोया', आणि अमेरिकेत १९४५ पासून 'पीस'. आज जगात या गुलाबाची जी असंख्य झाडे आहेत ती सारी त्या एका रोपट्याचाच विस्तार आहेत. मला यात विशेष वाटते ते हे की ते रोपटे त्याच्या जन्मदात्याने पेटीत कुलूपबंद ठेवले असते, तर युद्धाच्या काळात त्याचे काय झाले असते कोण जाणे.

याहून घरगुती उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनामधील टूमस्टोन या खाणकामगारांच्या गावातले आहे. १८८५ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या एका नवविवाहितेला माहेरच्यांनी पांढऱ्या लेडी बँक्स गुलाबाची रोपे पाठवली. तिने त्यांतले एक तिथल्या खाणावळीच्या मालकिणीला, आपल्या मैत्रिणीला, दिले आणि दोघींनी मिळून ते मागच्या अंगणात लावले. ते झाड आजही जिवंत आहे, त्याचा मांडव आठ हजार चौरस फुटांहून मोठा झाला आहे, आणि जगातले सर्वांत मोठे गुलाबाचे झाड म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या बुंध्याचे छायाचित्र मी पाहिले आहे. तो एखाद्या जुन्या वृक्षाच्या खोडासारखा पिळदार दिसतो. दोन मैत्रिणींच्या देवाणघेवाणीतून आलेले ते झाड आहे, एवढेच माझ्या मनात राहते.

मात्र प्रत्येक गुलाब वाटायचा नसतो. नव्या जातींपैकी अनेकांवर पैदासकाराचा हक्क असतो आणि त्याची मुदत संपेपर्यंत परवानगीशिवाय त्यांची रोपे तयार करता येत नाहीत. जगातला पहिला वनस्पती-पेटंट १९३१ मध्ये अमेरिकेत दिला गेला तो एका गुलाबालाच, 'न्यू डॉन' नावाच्या फिकट गुलाबी वेलाला. त्याची मुदत केव्हाच संपली आहे आणि तो आता कुणीही वाढवावा. पण रोपाच्या चिठ्ठीवर हक्काची खूण असेल तर मी काडी कापत नाही. नवी जात तयार करायला पैदासकाराची कित्येक वर्षे जातात आणि त्या श्रमांचे मोल त्याला मिळायला हवे. आजारी झाडाची काडीही देऊ नये. बुंध्यावर किंवा मुळांवर खडबडीत गाठी दिसल्या तर तो जिवाणूजन्य रोग आहे, आणि ती माती व ते सिकेटर दोन्ही रोग पसरवतात. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा उमटत असतील तर तो विषाणू असतो. तो काडीसोबत जातोच आणि डोळा भरताना खुंटातही उतरतो. काळे ठिपके किंवा भुरी मात्र बुरशीमुळे येतात, आणि नवीन पाने स्वच्छ असतील तर तेवढ्यासाठी झाड नाकारण्याचे कारण नाही.

रुजलेली काडी मी लगेच देत नाही. लहान कुंडीत हलवून तिला निदान एक हंगाम माझ्याजवळ ठेवते, पहिल्या कळ्या खुडून टाकते, आणि कुंडीच्या तळाच्या भोकांतून मुळे डोकावू लागली की मगच ती घर बदलते. सोबत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी असते. तिच्यात नाव, नाव ठाऊक नसेल तर ते कुणाकडून कुणाकडे आले ते, आणि ते स्वतःच्या मुळांवर आहे की कलमी, हे ठळक अक्षरांत. पुढे थोडक्या सूचना: रोज किमान सहा तास ऊन, पाणी न साचणारी जागा, आळ्यात बुंध्याशी सकाळी पाणी, पानांवर नाही. पानांवर सलग सात-एक तास ओल राहिली की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजतात, म्हणून संध्याकाळी झारीने वरून पाणी घालण्याची सवय मोडावी लागते. मावा दिसला तर आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

मैत्रिणीच्या अंगणात आता माझा गुलाबी गुलाब आहे. पांढरा जंगली गुलाब मी उपटून टाकायला निघाले होते, पण तिने तो कुंपणापाशी हलवून ठेवला. त्याच्या घोसांवर मधमाश्या येतात आणि तो तिला आवडतो, तेव्हा त्याला जगण्याचा पूर्ण हक्क आहे. तरी तिला मी कबूल केलेला पिवळा गुलाब अजून द्यायचा राहिला आहे. त्या वेळी एकाच जातीची दोन रोपे आणली होती, त्यांतले दुसरे माझ्याकडे आहे. त्याच्या काड्या तीनदा लावल्या, तीनही वेळा काळ्या पडल्या. म्हणून यंदा दाब कलमाचा मार्ग धरला आहे: झाडापासून न तोडता एक लवचीक फांदी जमिनीकडे वाकवली, मातीत जाणाऱ्या भागावर खालून तिरका छेद दिला, छेदात आगकाडीचा तुकडा अडकवून तो मिटू दिला नाही, आणि वर माती लोटून एक चपटा दगड ठेवला. मूळ झाड तिला पोसत राहते, त्यामुळे काडीसारखी ती वाळून जात नाही; मात्र मुळे यायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. या रोपाची वाढ कलमी झाडाइतकी जोमदार असेलच असे नाही, हे मी तिला आधीच सांगितले आहे. ती म्हणाली, "चालेल, पण या वेळी पिवळाच राहू दे." फांदीच्या टोकाला गेल्या आठवड्यात एक नवी फूट आली आहे. दगड मी अजून उचललेला नाही.